बाबांच्या बाजूला कललेली गाडी

रविवार, ८ फेब्रुवारी

गाडी माझी झाली! कागदपत्रांचं काय व्हायचं ते होईल, पण आज दुपारी जेवताना बाबांनी किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "घे. आता हिच्यात बसून शिकणारं कोणी उरलं नाही." तीसेक वर्षं चालवलेलं ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी गेल्या महिन्यात बंद केलं. ही त्यांची शेवटची गाडी. छपरावरची पाटी मी जेवण झाल्या झाल्या उतरवली, हात धुवायचेही राहिले होते. आई म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." म्हणू दे!

मार्चच्या शेवटच्या रविवारी टेकडीवरची शर्यत आहे. त्या दिवशी रस्ता बंद ठेवतात, एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात. गाडीत दोघं असतात. एक चालवतो आणि शेजारचा पुढची वळणं ओरडून सांगतो. आजवर मी कुंपणाबाहेर उभी राहून टाळ्या वाजवल्या. यंदा मी कुंपणाच्या आत! शेजारी आमच्या डेंटल लॅबमधली चिमणी बसणार. तिचं खरं नाव हाक मारायला फार लांबलचक आहे. वजन म्हणाल तर ओल्या टॉवेलाइतकं. शर्यतीला असंच माणूस हवं.

अडचण एकच आहे. मागून पाहिलं तर गाडी एका खांद्याने पडलेली दिसते. शिकवणारे बाबा इतकी वर्षं एकाच सीटवर बसले, त्या बाजूच्या स्प्रिंगांनी हाय खाल्ली. बाबा दारातून येतात तेव्हा आधी पोट येतं, मग बाबा. बिचाऱ्या स्प्रिंगा तरी किती सोसणार! त्या बदलायच्याच आहेत, तर त्याच खर्चात गाडी थोडी खाली बसवून घ्यावी असं मनात आहे. खाली बसलेली गाडी वळणावर कमी झुकते, रस्ता धरून राहते. दिसतेही काय झकास!

मंगळवार, १० फेब्रुवारी

लॅब सुटल्यावर बाबांना घेऊन पानाकाकांच्या गॅरेजात गेले. त्यांच्या हातात कायम पाना असतो म्हणून ते पानाकाका. कॉम्प्रेसर चालू असताना ओरडून बोलायची त्यांना सवय आहे, आणि तो बंद असला तरी ती सवय काही बंद होत नाही.

"दोन रस्ते आहेत, पोरी," ते ओरडले. "पहिला, आखूड स्प्रिंगा. शॉकअप जुनेच ठेवायचे, फक्त स्प्रिंग बदलायची. गाडी जेवढी खाली बसायची तेवढी बसेल, मग हस नाहीतर रड. दुसरा, कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, नळीवर आटे आणि आट्यांवर कॉलर. कॉलर एकीकडे फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली. चारही चाकं वेगवेगळी लावता येतात. पण किंमत ऐकायच्या आधी खाली बस."

मी बसले, ऐकली आणि उठले. नाकापेक्षा मोती जड.

बाबा एकदम म्हणाले, "गाडी खाली बसवल्यावर शेजारच्या सीटवरून उठायला जड जाईल का हो? म्हणजे, जरा भरलेल्या अंगाच्या माणसाला?" पानाकाका हसले. मला मात्र राग आला. म्हटलं, "बाबा, शर्यतीत उठायचं नसतं, बसायचं असतं." वेग त्यांना कधीच आवडला नाही. सरळ नको म्हणायचं नाही, मग असे फाटे फोडत राहायचे! पण मी बधणार नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

ठरलं, आणि बसवूनही झाल्या! आखूड स्प्रिंगा.

चार दिवस डोकं नुसतं भणभणत होतं. कॉइलओव्हर घेतले तर हवं तसं वर-खाली करता येईल, हे खरं. पण मी स्वतःला ओळखते. कॉलर फिरवायची सोय असली की मी रोज संध्याकाळी फिरवत बसेन आणि शर्यत राहील बाजूला. स्प्रिंग बसली की विषय संपला. शिवाय पैसे वाचतात, आणि पानाकाकांकडे आमच्या गाडीच्या मापाच्या पडूनच होत्या.

सकाळपासून मी आणि पानाकाका गाडीखाली. जुनी स्प्रिंग निघाली तेव्हा बाबांच्या बाजूची दुसरीपेक्षा चक्क बुटकी भरली. दोन्ही शेजारी उभ्या करून आम्ही खूप हसलो. बाबाही हसले, आणि मग ती बुटकी स्प्रिंग हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

नव्या स्प्रिंगा बसल्या, जॅक खाली आला आणि गाडी अशी काही बसली की मी टाळीच वाजवली! लॅबमधला कॅलिपर मी मुद्दाम नेला होता. टायर आणि वरची कमान यांच्यातलं अंतर चारही ठिकाणी मोजलं, केसभराचाही फरक नाही. दिवसभर दातांच्या टोप्या घासणाऱ्या बाईचे हात आहेत हे! घरी येताना रस्त्यावरच्या प्रत्येक काचेत मी गाडी बघत होते. एका सायकलवाल्याने अंगठा वर केला. मी हॉर्न वाजवला, एकदा नाही, तीनदा.

सोमवार, १६ फेब्रुवारी

पचका झाला.

संध्याकाळी हौसेने बाबांना चक्कर मारायला नेलं. ते आपल्या नेहमीच्या सीटवर बसले आणि गाडी त्या बाजूला टेकलीच. पहिल्याच वळणावर टायर कमानीला खरवडला. स्पीडब्रेकरवर तर खालून असा दणका बसला की मी डोळे मिटले. बाबा म्हणाले, "थांब, मी उतरून बघतो." ते फुटपाथवर उभे राहिले, मी एकटीने चक्कर मारून आले. आवाज नाही, खरवड नाही, गाडी लोण्यातून चालल्यासारखी! मी खिडकीतून ओरडले, "बघा! तुम्ही उतरलात आणि रोगच गेला!"

बाबा हसले. म्हणाले, "छान झाली आहे गाडी. तू हो पुढे, मी चालत येतो. पाय मोकळे होतील." तिथून घर बरंच लांब आहे. ते आले तेव्हा आमची जेवणं उरकली होती. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

चूक माझीच, आणि ती अगदी माझ्या धंद्याची चूक. आमच्या लॅबमध्ये पेशंट कधी येत नाही, त्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा येतो. आम्ही साच्यावर टोपी बेतून पाठवतो, तोंड राहतं डॉक्टरकडे. तसंच मी रिकामी गाडी मोजली, माणसं बसवून मोजलीच नाही. पण असो. शर्यतीत शेजारी चिमणी असणार, म्हणजे नडायचं काही कारण नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

चिमणीला घेऊन गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर सराव केला. सपाट रस्त्यावर काय मजा आली! वळणात गाडी सरळच्या सरळ राहते, दोघी किंचाळतो. पण जरा खड्डा आला की गाडी उडते, आणि एकदा उडाली की उडतच राहते. चिमणी म्हणाली, "माझे दात पडले तर आपल्याच लॅबमध्ये कर हं. बाहेर नको." पानाकाकांना फोन केला. म्हणाले, "नवी कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपला आवरत नाहीये. म्हाताऱ्या मास्तराच्या हाती दांडगा वर्ग दिल्यासारखं झालंय."

दुसरं म्हणजे चिमणी वळणं सांगते त्यात डावं-उजवं हमखास उलटं करते. त्यावर उपाय म्हणून तिने एका मनगटाला रबरबँड बांधला. आता रबरबँड कुठल्या हाताला आहे ते विसरते.

बुधवार, २५ फेब्रुवारी

आज गाडीबद्दल काही नाही, बाबांबद्दल. दहा वर्षं डॉक्टरांनी कानीकपाळी ओरडून जे झालं नाही ते आपोआप झालंय. बाबांनी साखर सोडली. ताटातलं अर्धं जेवण परत जातं. सकाळ-संध्याकाळ चालायला जातात, नवे बूटही आणलेत. आईचा जीव टांगणीला लागलाय. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणते, "विचार गं त्यांना, काही दुखतंय का. मला तर काही सांगत नाहीत." मी म्हटलं, "स्कूल बंद झालं, वेळ मोकळा आहे, तब्येतीकडे लक्ष गेलं. चांगलंच आहे की!"

बिनसाखरेचा चहा पिताना बाबांनी मला विचारलं, "तुझ्या त्या चिमणीचं वजन किती असेल गं?"

"बाबा! बाईमाणसाचं वजन विचारतात का?"

"नाही, आपलं सहज," म्हणाले आणि कप घेऊन उठले. रिकामपणी माणसाला काय काय सुचतं!

मंगळवार, ३ मार्च

कॉइलओव्हर मागवले!

सांगायला सोपं वाटतं, पण आठवडाभर तळ्यात-मळ्यात चाललं होतं. चांगले नवे शॉकअप घेऊन आहेत त्या स्प्रिंगांवर भागवावं, की सगळंच काढून कॉइलओव्हर बसवावेत? शॉकअप घेतले तर उडणं थांबेल, पण उंची आहे तीच राहणार. कॉइलओव्हर घेतले तर सुट्टीत फिरायला जायचे पैसे गेले. आई म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." तिचं गणित चुकत नाही. पण मला ती कोंबडी आवडते, त्याला काय करू? आयुष्यात एक गोष्ट तरी पुरती करून बघायची आहे. आजवर सगळं अर्ध्यावर सोडलं. गाण्याचा क्लास सोडला, पोहणं सोडलं, लग्न ठरलेलंही मोडलं. (ते मोडलं हे बरंच झालं.)

मला वाटलं होतं बाबा तरी अडवतील. उलट त्यांनीच विचारलं, "त्या कॉइलओव्हरवर चारही चाकं वेगवेगळी लावता येतात ना? एक बाजू जास्त जड असली तरी चालतं ना?" म्हटलं, "हो, पण आपल्याला त्याची गरज नाही. चिमणी हलकी आहे." ते म्हणाले, "हो, तेही खरंच."

शनिवार, १४ मार्च

खोकं आलं! लॅबमध्येच मागवलं होतं, घरी आईसमोर नको म्हणून. सगळ्यांनी कामं टाकून टेबलाभोवती गर्दी केली. आत चार कॉइलओव्हर, निळ्या स्प्रिंगा, चांदीसारख्या लखलखीत नळ्या. नळ्यांवर इतके बारीक, सुबक आटे की आमचे सिरॅमिकवालेही वा म्हणाले. कॉलर बोटांनी फिरवून पाहिली, तुपासारखी फिरते. मी एक कॉइलओव्हर दुपारभर माझ्या खुर्चीखाली ठेवला आणि मधून मधून पायाने चाचपत राहिले. वेड लागलंय मला, मान्य.

संध्याकाळी बाबा टेकडीच्या रस्त्याने चालून आले, बूट चिखलाने भरलेले. हल्ली ते रोज तिकडेच जातात, चढ असल्यामुळे व्यायाम होतो म्हणे. म्हणाले, "नवव्या वळणाला जपून. बाहेरून ऐसपैस दिसतं, आत गेलं की आवळतं. आणि तेराव्यानंतर पाइपातून पाणी गळतं, रस्ता ओला असतो." मी ते चिमणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तेरा वळणं आहेत? मला वाटलं, नऊ."

रविवार, २२ मार्च

काय लिहू आणि कसं लिहू!

सकाळी गॅरेजमध्ये कॉइलओव्हर बसले. मग पानाकाकांनी आतल्या खोलीतून चार सपाट वजनकाटे आणले आणि गाडीच्या प्रत्येक चाकाखाली एकेक ठेवला. कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघून कॉलर लावायच्या असतात. "रिकामी गाडी लावायची नाही हं," ते माझ्याकडे बघून ओरडले. "तू बस. आणि शेजारी कोण?"

चिमणी कामात अडकली होती. तिच्या वजनाइतकी वाळूची पोती मी शेजारच्या सीटवर ठेवली आणि स्टिअरिंगमागे बसले. बाबा दाराशी उभे होते, हात पाठीमागे. पानाकाकांनी पोती पाहिली, बाबांकडे पाहिलं. "मग यांचं काय?"

"यांचं काय म्हणजे?"

"अगं, हे गेल्या महिन्यापासून दर रविवारी येतात. एक काटा काढायला लावतात, त्यावर उभे राहतात, आकडा बघतात आणि चालत परत जातात. मला वाटलं, तूच पाठवतेस."

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीवरचा ऑइलचा डाग निरखत होते.

"घरी काटा आहे की, बाबा."

"तिथे आईने विचारलं असतं."

"काय विचारलं असतं?"

ते वर्गात शिकवतात तशा शांत आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी उतरलो आणि गाडी नीट चालली. मी बघत होतो ना फुटपाथवरून. म्हटलं, चिमणीइतकं काही आपलं व्हायचं नाही. पण पानाकाका म्हणाले, दहा किलो उतरवलेत तर टायर घासणार नाही. सहा उतरलेत. चार राहिलेत." आणि घाईघाईने म्हणाले, "तू यंदा तिलाच ने. माझं होईल पुढच्या वर्षापर्यंत."

मला रडू फुटलं. पानाकाकांसमोर, काट्यांवर उभ्या केलेल्या गाडीत बसून, स्टिअरिंगला डोकं टेकून मी रडले. लाज वाटली, रागही आला. उठायला त्रास होईल का, एक बाजू जड असली तर चालेल का, चिमणीचं वजन किती, नववं वळण आवळतं. या माणसाने महिनाभर मला एकच गोष्ट विचारली होती. आणि मी काय म्हणाले होते, तर तुम्ही उतरलात आणि रोगच गेला.

मी उतरले, पोती ओढून बाहेर टाकली. एक फुटलं, वाळू सगळीकडे. "बसा," मी म्हणाले.

"अगं, पण चार किलो..."

"बाबा, बसा."

ते बसले. त्या बाजूच्या काट्यांचे आकडे उड्या मारत वर गेले आणि गाडी तिकडे कलली. पानाकाका मला बाजूला घेऊन पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "पोरी, एक सांगतो. चिमणी असती तर दोन-तीन सेकंद सहज वाचले असते. बक्षिसाचं मग विसर." मी म्हटलं, "विसरले." त्यांनी कॉलर फिरवायचा आकड्याचा पाना माझ्याच हातात दिला. बाबांच्या बाजूच्या कॉलर मी फिरवल्या. जरा फिरवायची, आत बसून बघायचं, उतरायचं, पुन्हा जरा फिरवायची. अर्धा दिवस तेच चाललं होतं, आणि बाबा एकदाही सीटवरून उठले नाहीत. पाणीही त्यांनी तिथेच मागवलं. शेवटी कॅलिपर लावला. दोन्ही कमानी सारख्या. स्टिअरिंग पुरतं वळवलं, दोन्हीकडे. टायर कुठेही टेकत नव्हता.

"आता एक किलोसुद्धा कमी करायचा नाही," मी सांगितलं. "गाडी तुमच्या आजच्या वजनावर लावली आहे."

बाबांनी विचारलं, "मग चहात साखर चालेल?"

चिमणीला फोन करून सांगितलं. मला वाटलं होतं, रुसेल. ती म्हणाली, "देव पावला! गेले चार रविवार मी घरी जाऊन उलट्या करते आहे."

रविवार, २९ मार्च

निकाल आधी लिहून टाकते. यादीत माझं नाव खालून शोधलं तर लवकर सापडेल. आता मुद्द्याचं.

सुरुवातीच्या रेषेवर बाबांना दोन बाजूंनी धरून गाडीत बसवावं लागलं. हेल्मेट घातल्यावर त्यांचे गाल असे वर आले की निशाणवाल्याने हसू दाबलं. मग निशाण पडलं आणि आम्ही सुटलो. गाडी रस्त्याला चिकटून वर चढत होती, खड्ड्यात एकदाच दबायची आणि लगेच शांत व्हायची, झुकायची नाही, खरवडायची नाही. बाबांचा आवाज शेजारून येत होता, स्वच्छ, एकही वळण न चुकता. कागद त्यांनी आणलाच नव्हता, सगळा रस्ता पायाखालचा. नवव्याला म्हणाले, "थांब, थांब, आता घे." मी घेतलं आणि गाडी आतून अशी निघाली की माझ्या तोंडून किंकाळी फुटली. तेराव्यानंतरचं पाणी आम्ही कडेने टाळलं. आणि मग शेवटचा सरळ चढ आला, वर आकाश, दोन्हीकडे माणसं. ज्या माणसाने अर्ध्या गावाला 'हळू, हळू' म्हणत गाडी शिकवली, आणि मलाही, तो माझा बाप दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून ओरडला, "दाब! अगं दाब, बघतेस काय, दाब!"

मी दाबला.